सुहार्तीबाईंचं शांतिपूर

गावाचं नाव मी सांगणार नाही. कडावच्या पलीकडे चालत तासाभरावर ते आहे, भातशेतीचं आहे, पन्नास-साठ उंबऱ्यांचं आहे, एवढं पुरे. सुहार्तीबाईंनी आपल्या पुस्तकात त्याला 'शांतिपूर' म्हटलं. समाजकार्याच्या पुस्तकांत माणसांची आणि गावांची खरी नावं छापत नाहीत, तसा रिवाजच आहे. पण शांतिपूर! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

१९८४च्या जानेवारीत त्यांचं पत्र आलं. मी तेव्हा खोपोलीला एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते. म्हणजे कँटीनच्या पातळ डाळीपासून यंत्रात गेलेल्या बोटापर्यंत सगळ्या तक्रारी ऐकायच्या, मान हलवायची आणि सही करायची. ते काम मला छान जमत होतं. पत्र इंग्रजीत होतं, नेहमीसारखं सुबक अक्षरातलं. "प्रिय पद्मजा, फेब्रुवारीत मुंबईला परिषद आहे आणि मला शांतिपूरवर बोलायला बोलावलंय. त्याच्या आदल्या दिवशी मला गाव बघायचंय, पारूला भेटायचंय. तू बरोबर हवीस. आणखी एक बातमी. आमच्या सरकारने शांतिपूरची पद्धत पाच जिल्ह्यांत न्यायचं ठरवलंय आणि ते काम माझ्याकडे सोपवलंय. एप्रिलपासून सुरुवात. एवढ्या वर्षांचं चीज झालं."

शांतिपुरात काही चांगलं झालंच नव्हतं. तिथे माणसं मेली होती. हे सुहार्तीबाईंना माहीत नव्हतं, कारण ते त्यांच्यापासून लपवणारी मीच होते.

त्या कर्जतला आल्या १९६१च्या नोव्हेंबरात. मूळच्या जावा बेटावरच्या, वय अठ्ठावीस, मुंबईत शिष्यवृत्तीवर समाजकार्य शिकायला आलेल्या. शेवटच्या वर्षी एखाद्या खेड्यात सहा महिने काम करायचं असे, त्यांच्या वाट्याला आमचा तालुका आला. गोल चेहरा, मानेवर घट्ट अंबाडा, कमरेला गुंडाळलेलं तपकिरी छापाचं वस्त्र. नाव ऐकून कर्जतकरांनी त्यांना हिंदूच ठरवून टाकलं. त्या मुसलमान आहेत असं कळल्यावर आमच्या आईने त्यांचा कप वेगळा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की आपला कप आपण विसळून बाई कोपऱ्यात उपडा घालू लागल्या.

त्यांना मराठी येत नव्हतं, दुभाषी हवी होती. माझे वडील, अप्पा, कर्जतला हेडमास्तर. मी पुण्याला मावशीकडे राहून नुकतीच बी.ए. झाले होते. अप्पांनी मला पुढे केलं ते काही समाजसेवेसाठी नव्हे. बाईंनी शिफारस दिली तर मुंबईत त्यांच्याच संस्थेत मला प्रवेश मिळण्यासारखा होता. नाही मिळाला, तर पेणचे एक बिजवर दोन मुलांसकट माझी वाट बघत होते. अप्पांनी जूनपर्यंतची मुदत दिली होती. मी त्या बिजवरांना एकदा बघितलं होतं. ते बशीत चहा ओतून आवाज करत प्यायचे, आणि एवढ्यावरून मी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी मुंबईला जायचं.

गावात देवळापाशी एक दगडी, भरपूर पाण्याची विहीर होती. ती गावची. गावाबाहेर अकरा घरांचा बौद्धवाडा. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला, त्याबरोबर मेलेली जनावरं ओढायचं पिढीजात काम सोडलं. गाव मात्र वाड्याला अजून जुन्याच नावाने हाक मारायचं. या अकरा घरांना पाणी होतं ते ओढ्याकाठच्या एका डवऱ्याचं. डवरा म्हणजे आपण खणलेला, दगड लावलेला खड्डा. झिरपून येतं तेवढं पाणी, वाटी-वाटीने भरून घ्यायचं.

सुहार्तीबाई वाड्यात पहिल्यांदा ज्या घरात बसल्या ते पारूचं. पारू तेव्हा पंचविशीची असेल. नवरा श्रीपत, थोडं लिहिता-वाचता येणारा, सरळ बोलणारा. आणि पाच वर्षांची मुलगी सुजाता, धर्म बदलल्यानंतर वाड्यात जन्मलेलं पहिलं मूल. "सुजाता? हे नाव आमच्याकडेही असतं!" असं म्हणून बाईंनी तिला जी मांडीवर घेतली ती सहा महिने खाली ठेवली नाही म्हणा ना. पोरगी त्यांच्या अंबाड्यातल्या पिना काढून आपल्या केसांत खोचायची. बाई पारूकडची भाकरी खायच्या, तिच्या रांगेत बसून वाटीने पाणी भरायच्या. मी थोडी लांब छत्री धरून उभी राहायचे.

आता त्या बैठकीबद्दल. बाईंच्या देशात गावाचा निर्णय हात वर करून होत नाही. सगळे गोल बसतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, आणि बोलता बोलता अशी वेळ येते की कोणाचाच विरोध उरत नाही. मग एक जण ठरलेलं सगळ्यांच्या वतीने सांगतो. मुशावारा म्हणतात त्याला. बाईंचा त्यावर फार जीव. कायदा दाखवून, पोलीस आणून विहीर उघडता येईल, पण ती उघडी राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

बासष्टच्या फेब्रुवारीत शाळेच्या ओसरीवर गाव बसलं. बसलं म्हणजे गावकी बसली. जुन्या घरांच्या कर्त्या पुरुषांची ती जमात; देवळाच्या रंगापासून कोणाच्या घरचं पाणी तोडायचं इथपर्यंत सगळं तीच ठरवते. तिचे म्होरके सखाराम पाटील. वाड्यातले चौघे जण जाजमाच्या टोकाला अंग चोरून टेकले. श्रीपत उभा राहून म्हणाला, "आमाला पानी पायजे. इहीर सरकारी पैशानं बांधून काढली हाय. आमी भांडाया आलो नाय." मग बाई बोलल्या, मी मराठीत सांगितलं. नंतर कोणीच काही बोलेना.

बाईंनी विचारलं, कोणाचा विरोध आहे का? सखाराम पाटील तळहातावर तंबाखू मळत होते. बाकीचे आढ्याकडे बघत होते. बाईंनी तीनदा विचारलं. शेवटी पाटील म्हणाले, "बाय लांबून आल्यात. बोलल्या बी चांगलं. आता जेवूनच जा." बाईंचे डोळे भरून आले. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, विरोध कोणाचाच नाही, तेव्हा उद्यापासून विहीर सगळ्यांची.

कर्जत-खालापुरात वाढलेल्या कोणालाही त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला असता. आमच्याकडे गावकी पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणत नाही. ती तंबाखू मळते आणि पाहुण्याला जेवायला थांबवते. नाही म्हणायचं काम पुढे होतं, पाहुणा गेल्यावर, आणि ते तोंडाने होत नाही. मला हे पक्कं माहीत होतं. परतताना बाईंनी विचारलं, "झालं ना, पद्मजा? खरंच झालं ना?" मी म्हटलं, झालं. घरी आल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू बाईंना बोलली नाहीस ना काही? बरं केलंस. त्यांचा प्रकल्प यशस्वी झाला तर तुझंही भलं आहे."

बाई गावात होत्या तोवर वाड्यातल्या बायका देवळापाशी पाणी भरत होत्या. कोणी अडवलं नाही. रहाटाला हात लावायच्या आधी पारू चारी बाजूंना बघायची, एवढंच. मग बाईंनी दुसरी गोष्ट काढली. जुना डवरा बुजवायचा. जुनी वाट उघडी राहिली की दोन्ही बाजूंचे लोक पुन्हा तिच्याकडेच वळतात, असं त्या म्हणत. मुंबईहून त्यांचे प्राध्यापक फोटोग्राफर घेऊन येणार होते, त्या दिवशी श्रमदानाने बुजवायचं ठरलं.

श्रीपतच्या मनात नव्हतं. "ऱ्हाऊ द्या की, भांडी घासाया व्हईल," असं तो म्हणाला. बाईंनी समजावलं. पारू मात्र बाईंशी बोललीच नाही. मला घराच्या कुडामागे घेऊन गेली आणि म्हणाली, "पद्माताय, तुमी हितल्याच. गावकीचं तुमाला ठावं. खरं सांगा, बुजवू का नको?"

मी म्हटलं, बुजवा.

पुढचं सगळं या एका शब्दावरून झालं. बाईंना गावकी कळत नव्हती म्हणून त्यांचं चुकलं. माझ्याकडे ती सबबही नाही.

अकरा घरांनी दिवसभर दगड आणि माती ओतली. फोटोत सुजाता दोन्ही हातांनी एक धोंडा धरून उभी आहे, केसांत बाईंची पिन. प्राध्यापक खूश झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाई परीक्षेसाठी मुंबईला गेल्या.

तिसऱ्या दिवशी विहिरीवरचा रहाट नाहीसा झाला. दुरुस्तीला दिलाय म्हणाले. वाड्याने स्वतःचा दोर आणला. गावातल्या बायका त्या विहिरीवर यायच्या बंद झाल्या. त्यांच्यासाठी पाटलांच्या मळ्यातली विहीर उघडली होती. आणि आठव्या दिवशी देवळाच्या विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगताना दिसलं.

श्रीपत पाटलांकडे गेला. पाटील रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. "मेलेलं जनावर काढायचं काम कोनाचं, ते आता आमी सांगावं का?" एवढंच म्हणाले. वाड्याला डाव कळला. ते कुत्रं काढलं की सहा वर्षांपूर्वी टाकलेलं काम पुन्हा गळ्यात पडणार. त्यांनी काढलं नाही. पोलिसांत गेले, तिथे विचारलं की पाणी घ्यायला कोणी अडवलंय का? अडवलं तर कोणीच नव्हतं. डवरा पुन्हा उकरायला घेतला, पण बुजवताना कसलीच कसर ठेवली नव्हती, आणि मे उजाडता उजाडता पाणी खोल गेलेलं. मग ओढ्यात म्हशी बसतात त्या डबक्यातलं हिरवं पाणी फडक्याने गाळून प्यायला लागले.

मेच्या एका शनिवारी दुपारी श्रीपत चालत कर्जतला आमच्याकडे आला. पायरीवर बसला, वर ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "पद्माताय, बायला विंग्रजीत चिठ्ठी लिवून द्या. इहिरीत कुत्रं पडलंय, गावकी काढत नाय, आमी काढनार नाय. पोरं ओकत्यात, ढाळ लागल्यात. सुजातानं तीन दिस काय खाल्लं नाय. बायचं वजन हाय, कोनतरी मानूस धाडा म्हनावं, डाक्टर धाडा."

माझ्या हातात आदल्याच दिवशी आलेलं बाईंचं पत्र होतं. त्यांच्या प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळत होता. गावाकडून शेवटचा अहवाल आला की त्या माझी शिफारस देणार होत्या, पुढच्याच आठवड्यात.

मी कागद घेतला आणि लिहिलं. पाणी व्यवस्थित चालू आहे, गावात सलोखा आहे, हे सांगायला श्रीपत स्वतः आला आहे, सुजाता तुमची आठवण काढते. मग कागद समोर धरून श्रीपतला मराठीत वाचून दाखवलं ते त्याने सांगितलेलं सगळं, कुत्र्यासकट. त्याने मान हलवली आणि खाली मोठ्या अक्षरात सही केली. उठताना दोनदा हात जोडले.

ब्लॉक ऑफिसच्या डॉक्टरांना आपण स्वतः सांगू, असं मी मनाशी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी अप्पांना ताप. मंगळवारी सांगितलं. बुधवारी डॉक्टर जीप घेऊन गेले, तेव्हा सुजाता पहाटेच गेली होती. पाठोपाठ आणखी दोन पोरं आणि चंद्राबाई नावाची एक म्हातारी. पोरीला पुरून आल्यावर श्रीपत विहिरीत उतरला आणि त्याने ते कुत्रं काढलं. दुसऱ्या दिवशी पाटलांचा सांगावा आला, म्हैस मेलीय, ओढायला या.

तो गेला नाही. पारूला वाड्यात ठेवून मुंबईला गोदीत लागला. मी जूनमध्ये मुंबईला गेले. बाईंची बोट तोवर सुटलेली होती.

बाईंची पुढची वर्षं मला पत्रांतून माहीत. जावाला परत गेल्यावर त्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवू लागल्या. पासष्ट साली तिथे कम्युनिस्ट ठरवलेल्या माणसांची फार मोठी कत्तल झाली आणि त्यांची पत्रं बंद झाली. सदुसष्टमध्ये एक आलं. त्यांचा धाकटा भाऊ, शाळामास्तर, त्याला गावातलेच ओळखीचे लोक घरातून घेऊन गेले आणि तो परत आला नाही. बाईंनी लिहिलं होतं, "त्या दिवसांत मी एकच गोष्ट धरून जगले. एकमेकांचं पाणी न चालणारी माणसं एका जाजमावर बसून एका विचाराला आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. शांतिपूर नसतं तर मला वेड लागलं असतं."

हे वाचून मी खूप रडले. खरं सांगायला मी त्या आठवड्यात बसले होते, कागदावर तारीखही घातली होती. मग वाटलं, हिच्याकडे हे एवढंच उरलंय, तेही काढून घ्यायचं? दयेचं पांघरूण मला फार सोयीचं पडलं.

एकोणसत्तर साली पुस्तक आलं. मागे परिशिष्टात श्रीपतची चिठ्ठी, सहीचा फोटो काढून छापलेली. एका अख्ख्या प्रकरणाचा विषय हाच, की नवं पाणी सुरू झालं की जुनं आधी बुजवा. मग मनिलाची पदवी, मग विभागप्रमुख, अठ्ठ्याहत्तरला प्रोफेसर. दर पायरीला पत्र, दर पत्रात माझे आभार. माझीही नोकरी त्या चिठ्ठीवरच उभी होती म्हणा.

फेब्रुवारीत मी त्यांना कर्जत स्टेशनवर उतरवून घेतलं. अंबाडा पांढरा झालेला, चालणं मंद, हसणं तेच. कडावपर्यंत टॅक्सी, पुढेही आता कच्चा रस्ता झालेला. माझा बेत ठरलेला होता. सखाराम पाटील वारले होते, श्रीपतही एकोणऐंशीत वारला होता, राहिली पारू. तिच्याकडे दहा मिनिटं बसायचं, दोघींच्या मध्ये मीच, दोघींना बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं आणि चारची गाडी गाठायची.

देवळापाशी बाई थांबल्या. गावात नळ आले होते. वाड्यालाही एक, तो सत्याहत्तर साली वाड्यातल्या पोरांनी तहसीलवर मोर्चा नेऊन आणलेला. विहीर पडीक होती, आत पिंपळ वाढलेला. बाईंनी फोटो काढले आणि म्हणाल्या, "गरज संपली की विहीर अशीच व्हायला हवी." मी हो म्हटलं.

पारू दारात सुपात तांदूळ पाखडत होती. सत्तेचाळीसची, दिसत होती साठीची. बाईंनी पाठ करून आणलेलं मराठी वाक्य म्हटलं, "पारू, तू बरी आहेस?" आणि तिचे दोन्ही हात धरले. पारूने हात सोडवून घेतले. तिरसटपणे नाही, पण सोडवून घेतले.

"वळखलं मी," पारू म्हणाली. "पद्माताय, हिला येक इचारायचं ऱ्हायलंय. सुजाता आजारी हाय म्हनून शिरपतनं चिठ्ठी लिवून घेतलेली तुमच्याकडून. ती मिळाली का हिला?"

मी इंग्रजीत विचारलं, श्रीपतने पाठवलेली चिठ्ठी मिळाली होती का, असं ती विचारते.

बाईंचा चेहरा उजळला. "मिळाली का म्हणजे? माझ्या टेबलावर फ्रेम करून ठेवलीय! पुस्तकात छापलीय. दर वर्षी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना दाखवते."

"मिळाली म्हणतात," मी पारूला सांगितलं.

सूप थांबलं. "मिळाली? मिळाली आनि हसते कशी ही? बावीस वरसं मी म्हनते, मिळाली नसंल. टपाल चुकलं आसंल. सुजाता मरायला लागलीय हे वाचलं आनि आली नाय?"

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "ऐकून तिला बरं वाटलं."

पारू माझ्या तोंडाकडे बघत होती. मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मग ती मला आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलली. "सुजाताचं नाव घेतलं मी. दोनदा घेतलं. तुझ्या बोलन्यात येकदा बी आलं नाय. विंग्रजी मला येत नाय, पर माझ्या पोरीचं नाव मला ऐकू येतंय."

बाईंनाही नाव ऐकू आलं होतं. त्यांनी माझा दंड धरला. "सुजाता! हो, सुजाता कुठे आहे? लग्न झालं असेल ना तिचं? मुलं किती?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला पळून जावंसं वाटत होतं. मी आधी पारूकडे वळले.

"पारूताई, त्या चिठ्ठीत मी ते लिहिलंच नव्हतं."

"काय लिवलेलंस मंग?"

"पाणी चालू आहे. सगळं चांगलं आहे. सुजाता आठवण काढते."

"का गं?"

"मला मुंबईला शिकायला जायचं होतं. बाईंची शिफारस हवी होती."

पारूने सुपातल्या तांदळात बोटं फिरवली. मी मार खायला तयार होते. ती म्हणाली, "शिरपत मरंस्तवर हिला शिव्या देत व्हता. परदेशची बाय, आमचं पोर मेलं तर तिचं काय गेलं, म्हनायचा. मी बी दिल्या." मग सूप खाली ठेवलं. "आता तिला सांग. समदं सांग. कायबी गाळू नको."

मी सांगितलं. ओसरीवरची बैठक, तंबाखू, कुडामागे मी म्हटलेलं "बुजवा", रहाट, कुत्रं, चिठ्ठी, बुधवार. अर्धा तास लागला असेल. बाईंनी एकदाही मध्ये अडवलं नाही. मला वाटलं होतं त्या मला काही बोलतील, शिव्याशाप देतील. त्यांनी फक्त विचारलं, "डवरा बुजवला नसता तर?"

"तर ती चौघं बहुतेक जगली असती."

बाई उंबऱ्यावर बसल्या. "आमच्याकडे एकेचाळीस गावांत जुन्या विहिरी बुजवल्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थ्यांनी. एप्रिलपासून आणखी दोनशे. हुकूम माझ्याच सहीचा आहे." मग म्हणाल्या, "त्या एकेचाळीस गावांचे सगळे अहवाल चांगले आलेत, पद्मजा. सगळेच्या सगळे. एकही वाईट नाही."

"काय म्हनते?" पारूने विचारलं.

मी सांगितलं. एकेचाळीस, दोनशे, सही, अहवाल, सगळं.

पारू उठून उभी राहिली. पदर कमरेला खोचला आणि उंबऱ्यावर बसलेल्या बाईंकडे बघून म्हणाली, "मंग हितं बसून काय करते? तिला म्हनाव, ऊठ. घरला जा, आनि उकराया सांग त्यास्नी."